झडपेवरची खळ

विजयादशमीला सकाळीच इंजिन घराबाहेर पडलं आणि कृष्णाबाईंना हुश्श झालं. सगळा पावसाळा ते त्यांच्या जेवणाच्या टेबलावर मुक्काम ठोकून होतं. वीतभर उंचीचं, पितळी बॉयलर, काळ्या पत्र्याचं धुराडं, एका अंगाला लाल चाक. खेळणंच ते, पण खरं पाणी प्यायचं, खऱ्या जाळावर तापायचं आणि खऱ्या वाफेवर चालायचं. कुणा श्रीकांतच्या आजोबांना कुणा जर्मन साहेबानं दिलेलं. नागपूरच्या माळ्यावर गंजत पडलेलं ते बेंगळूरला आलं आणि बनशंकरीत त्यांच्या नवऱ्याच्या, वादिराजांच्या, हाती लागलं.

वादिराजांना रिकामं बसणं माहीत नव्हतं. सरकारी कारखान्यात मशीन-टूलच्या खात्यात त्यांची उमर गेली. कारखाना आटत आटत गेला आणि त्यांना वेळेआधीच घरी बसवलं. बसवलं म्हणजे काय, बसतोय कोण! पहिल्या महिन्यात त्यांनी पंखा उघडला, मिक्सर उघडला, शेजाऱ्यांची दारावरची घंटा न सांगता उघडली. कृष्णाबाईंनी तेव्हा रायरांना, म्हणजे मठातल्या स्वामींना, नवस केला होता, की ह्यांच्या हातांना काहीतरी काम द्या, नाहीतर हे एक दिवस मलाच स्क्रू काढून बघतील. नवसाला उत्तर आलं ते रविवारच्या जुन्या बाजारातून. गोणपाटावर मांडलेल्या भंगारात त्यांना एक पितळी खेळणं मिळालं. चाक नाही, धुराडं वाकडं, आत उंदरानं केलेलं घरटं. महिन्याभरात ते टेबलावर फुर्रफुर्र करत धावायला लागलं, आणि वादिराज त्याच्याकडे अशा कौतुकानं बघत बसले, की अनुषाच्या, त्यांच्या एकुलत्या मुलीच्या, बारशालाही त्यांनी तसं बघितलं नव्हतं.

त्या पहिल्या इंजिनावरून घरात भांडणही झालं होतं. बॉयलर काळपट दिसतो म्हणून कृष्णाबाईंनी तो प्रेमानं चिंच-मीठ लावून समईसारखा लखलखीत केला. त्याच्यावरचा कारखान्याचा मूळ सोनेरी लेप सगळा मोरीत वाहून गेला. वादिराज रात्री पान वाढलं तरी बोलले नाहीत, सकाळी कॉफी दिली तरी बोलले नाहीत.

"अहो, पितळ आहे म्हणून घासलं. चूक काय झाली?"

"कृष्णे, म्हातारीला पोरीसारखं रंगवलंस तर ती म्हातारी राहते का? देवाची भांडी तुझी, बॉयलर माझा. सरी?"

"सरी."

तेव्हापासून कृष्णाबाई इंजिनांना हात लावत नसत. कान मात्र लावत. स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता त्यांना कळे, की बाहेर पाणी आत्ता कुठे तापतंय, आत्ता गुणगुणायला लागलं, आत्ता झडप उठली. बॉयलरच्या डोक्यावर बोटाच्या पेराएवढी एक झडप असते. तिच्या दांडीभोवती बारीक तारेची स्प्रिंग. वाफ गच्च भरली की ती झडप आपोआप वर उचलली जाते, फुस्स करून जादा वाफ सोडते आणि खाली बसते. ती फुस्स ऐकली की कृष्णाबाई पुढची पोळी तव्यावर टाकत. ती ऐकू येईपर्यंत त्यांचा लाटण्यावरचा हात थांबलेला असे. तशा त्या जाळाच्या बाबतीत वहिमीच. गॅसचं बटण बंद करून बाहेर पडल्या तरी फाटकातून एकदा परत येत. समई तेवत असताना घर सोडून गेल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

वर्षातून एक दिवस मात्र करार सुटायचा. खंडेनवमीला घरातल्या साऱ्या हत्यारांची पूजा कृष्णाबाईंच्या हातची. ड्रिल मशीन, काम घट्ट धरायचा शेगडा, पकडी, हातोड्या, कानशी, सगळं धुऊनपुसून चौरंगावर. इंजिनही.

"अगं, खेळणं ते. त्याला कसली पूजा?" वादिराज दरवर्षी म्हणत.

"त्याच्यात अग्नी आहे, पाणी आहे, वायू आहे. आणखी काय हवं तुम्हाला? शेजारच्या स्कूटरला झेंडूची माळ घालायला बरे धावता!"

यंदाही चौरंग मांडला. बाजूला गोंब्यांच्या, म्हणजे दसऱ्याच्या बाहुल्यांच्या, पायऱ्या होत्याच. त्यांना रंगीत कागद चिकटवायला मैद्याची खळ शिजवलेली वाटीत उरली होती. कृष्णाबाईंनी गंध लावलं, अक्षता वाहिल्या आणि शेवंती ठेवायला गेल्या. गोल बॉयलरवर फूल काही केल्या थांबेना. एकदा ठेवलं, घसरलं. दुसऱ्यांदा ठेवलं, धुराड्यामागे पडलं. ड्रिलच्या डोक्यावर त्यांनी खळीचा ठिपका देऊन फूल बसवलं होतं. इंजिनाच्या डोक्यावर ती झडप उभी, अगदी कळसासारखी. तिथे बोटभर खळ लावली, फूल दाबलं, आणि काय शोभा आली म्हणता! मुकुटावर तुरा खोवावा तशी. वादिराज कोहळा फोडायला बाहेर निघाले होते. जाता जाता "छान दिसतंय" म्हणाले आणि गेले.

पूजेत बसलेल्या हत्याराला दशमीची उत्तरपूजा होईस्तोवर कुणी शिवत नाही. त्यामुळे इंजिन चौरंगावरच राहिलं. अष्टमीला वादिराजांनी ते तीनतीनदा चालवून पाहिलं होतं. जुनी झडप गंजून गेलेली, म्हणून पीण्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत ओळखीच्या गुरुप्रसादच्या लेथवर नवी करवून घेतलेली. तिची फुस्स कृष्णाबाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकली होती.

श्रीकांत दशमीला दहा वाजता यायचा होता, तो उजाडतानाच दारात उभा राहिला.

"सॉरी काका, आईचा हट्ट. राहुकाळाच्या आत इंजिन घरी यायला पाहिजे म्हणते. होसकोटेला पोचेपर्यंत ट्रॅफिक लागतो ना."

वादिराजांचा एक नेम होता. मालकासमोर पाणी उकळून, चाक फिरवून, झडप उठवून दाखवल्याशिवाय इंजिन दाराबाहेर जात नसे. पण राहुकाळ म्हटल्यावर तेही जरा चपापले. गडबडीनं उत्तरपूजेच्या अक्षता टाकल्या, फूल उचललं, फडक्यानं बॉयलर पुसला आणि इंजिन थर्मोकोलच्या खोक्यात घातलं. "परवाच चालवलंय. काळजी नको. पाणी मात्र घरचं फिल्टरचं घाल, बोअरचं नको."

"जेवण झालं की सगळ्यांसमोर लावतो. वेदिका शिटी वाजवायला केव्हाची नाचतेय."

वेदिका म्हणजे त्याची मुलगी, दुसरीत जाणारी.

श्रीकांत गेला. पाठोपाठ वादिराजही हत्यारांची पिशवी खांद्याला लावून पीण्याला निघाले. दसऱ्याला गुरुप्रसादच्या शेडमध्ये मशिनं पुन्हा सुरू करताना यांनी हजर राहायचं, ही जुनी रीत. फोन नेहमीप्रमाणे चार्जरलाच राहिला.

कृष्णाबाई देवघरात परतल्या. कुकर लावला, पुरणाला डाळ चढवली आणि हात धुऊन निर्माल्य गोळा करायला बसल्या. ड्रिलवरचं फूल काढलं. देठाशी खळीचा पापुद्रा वाळून चिकटलेला, वाळल्या पापडासारखा. शेगड्यावरचं काढलं. त्यालाही तसाच. इंजिनावरचं फूल चौरंगाच्या कडेला पडलं होतं, वादिराजांनी टाकलं तसं. ते त्यांनी उचललं आणि सहज उलटं केलं.

देठ स्वच्छ. कण नाही.

त्यांनी ते फूल नीट उजेडात धरलं. पुन्हा ड्रिलवरच्याकडे पाहिलं. बोटभर खळ लावली होती, सगळ्यांत जास्त. मग ती गेली कुठे? फडक्यावर? वादिराजांचं फडकं खुंटीवर होतं. बॉयलरचं तेल त्याला लागलेलं, खळ नव्हती.

खळ झडपेवरच राहिली होती. स्प्रिंगच्या बारीक वेटोळ्यांत, दांडीभोवती. आणि आता वाळून दगड झाली असणार.

त्यांनी फूल तिथेच टाकलं. झडप चिकटली तर उठणार नाही. उठली नाही तर वाफ जाणार कुठे? एकदा वादिराजांनीच समजावलं होतं, की या जुन्या बॉयलरचे सांधे शिसं वितळवून डाग देऊन जोडलेले, कोवळे. पार फुटला नाही तरी डाग सुटेल आणि उकळतं पाणी नि वाफ समोर उभा असेल त्याच्या तोंडावर. समोर कोण उभं असणार? शिटी वाजवायला केव्हाची नाचतेय, असं तो म्हणाला होता.

त्यांनी वादिराजांचा फोन चार्जरवरून ओढला. श्रीकांतला लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजला. मेसेज लिहिला, "इंजिन लावू नको झडप अडकली आहे." त्याच्यापुढे दोन बारीक खुणा आल्या, पण त्या निळ्या होईनात. पीण्याला गुरुप्रसादला लावला, तर तिकडे मशिनांच्या घरघरीत "हलो, हलो, कोण?" एवढंच आणि फोन तुटला.

डाळ शिजत होती. नैवेद्य व्हायचा होता. एवढ्या वर्षांत दसऱ्याचा नैवेद्य दाखवल्याशिवाय त्या उंबऱ्याबाहेर गेल्या नव्हत्या. कृष्णाबाई देवापुढे उभ्या राहिल्या, पण हात जुळेनात. "रायरे, स्वल्प थांबा," असं म्हणून त्यांनी गॅस बंद केला, समई शांत केली, पुन्हा जाऊन गॅस पाहिला, वादिराजांच्या वहीतून श्रीकांतचा पत्ता टिपला, फोन नि पर्स घेतली आणि चपला अडकवल्या.

रस्त्यावर जिकडेतिकडे कोहळ्यांच्या फोडी आणि लाल पाणी. रिक्षांना केळीचे खुंट बांधलेले. टॅक्सी दाखवत होती की येते येते, येत मात्र नव्हती. शेवटी एका केळीवाल्या रिक्षात त्या बसल्या आणि बनशंकरीच्या मेट्रो स्टेशनाला गेल्या. मॅजेस्टिकला गाडी बदलून व्हाइटफील्डकडची जांभळी गाडी पकडायची, पुढे रिक्षा, असा हिशेब.

मेट्रोत बसायला जागा मिळाली, पण त्या उभ्याच राहिल्या. बसलं तर गाडी हळू चालते असं त्यांना वाटलं. नामस्मरण सुरू केलं. दोन आवर्तनं झाली की मध्येच मनात येई, आता जेवायला बसले असतील. आता ताटं उचलली असतील. नाम तुटायचं. परत पहिल्यापासून. श्रीकांतचा फोन पुन्हा लावला. वाजत राहिला.

मॅजेस्टिकच्या जिन्यावर त्यांची पावलं मंदावली. माणसं दोन्ही बाजूंनी धावत होती. मनात आलं, काय करतेय मी? वादिराजांचा हात काय कच्चा आहे? पुसताना त्यांनी खळ काढलीच असेल. आणि नसेल तर श्रीकांत इंजिनियर आहे, त्याला दिसणार नाही? ऐन सणाला ज्या घरात कधी पाऊल टाकलं नाही, तिथे धापा टाकत जाऊन सांगायचं काय, की माझ्या फुलानं तुमचं खेळणं बिघडलं? तिथली सून-मुलं हसतील. वादिराजांचं नाव जाईल. ह्या माणसाच्या हातून गेलेल्या इंजिनात खोट निघाली, हे पुण्यापासून कोइमतूरपर्यंत त्यांच्याकडे इंजिनं दुरुस्तीला पाठवणाऱ्या सगळ्यांना कळेल. परतीची गाडी समोरच्याच फलाटाला लागली होती. घरी डाळ, पुरण, देव, सगळे वाट बघत.

त्या पायरीवर थांबल्या. मग त्यांना तो स्वच्छ देठ आठवला. आणि त्या जांभळ्या गाडीच्या दिशेनं जवळजवळ धावत सुटल्या.

व्हाइटफील्डच्या पुढे रिक्षावाला बोलका निघाला. "अम्मा, हब्बद्दिना इष्टु अवसर? सणाच्या दिवशी एवढी घाई कसली?"

"एका घरात जाळ लागायचाय, तो लागू द्यायचा नाही."

त्यानं आरशात बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. वेग मात्र वाढवला.

श्रीकांतची वसाहत होसकोटेच्या अलीकडे, एकसारख्या पांढऱ्या घरांची. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं त्यांना थांबवलं. कोणाकडे, घर नंबर काय, फोटो काढा.

"तम्मा, आधी त्यांना फोन कर. सांग इंजिन लावू नका. पेटवू नका म्हणावं!"

"इंजिना? कोणती गाडी अम्मा?"

"गाडी नाही रे! खेळण्यातलं!"

पहारेकऱ्यानं भिंतीवरचा फोन उचलला. पलीकडे कुणी बाई बोलल्या. "मॅडम, एक अज्जी आल्यात. खेळणं मागतायत." आणि ठेवून दिला. "जावा अम्मा. डावीकडे तिसरं घर."

कृष्णाबाईंनी कपाळावर हात मारला आणि चालू लागल्या. पळू शकत नव्हत्या, नऊवारी काष्ट्यात पाय पडेल तेवढा जोरात टाकत होत्या. घराच्या पुढच्या अंगणात मंडप, आपट्याच्या पानांचा ढीग, पंधरावीस माणसं. आणि मधे दगडी पायरीवर, इंजिन. त्याच्याभोवती गुडघ्यावर बसलेली मुलं. पुढे वेदिका, दोन बोटं शिटीच्या दांडीजवळ.

खालचा स्पिरिटचा दिवा निळा जळत होता.

कृष्णाबाईंनी आधी ऐकलं. बॉयलर गुणगुणत नव्हता. ती वेळ केव्हाच मागे पडली होती. आता आतून टकटक असा कोरडा आवाज येत होता, आणि फुस्स नव्हती. बॉयलरच्या टोकाला, डाग दिलेल्या कडेला, पाण्याचा एक थेंब फुगत होता, फुटत होता, फुगत होता.

"वेदिका, मागे हो!"

असा आवाज त्यांच्या गळ्यातून आयुष्यात निघाला नव्हता. मुलं दचकून मागे सरली. श्रीकांत वळला. "काकू? तुम्ही इथे?"

"सगळी पोरं भिंतीमागे ने. आत्ता!" आणि शिटी उघडून वाफ सोडावी म्हणून त्याचा हात पुढे येताना दिसला, तशा त्या ओरडल्या, "हात लावू नको कुणी! आधी जाळ."

त्या बॉयलरच्या समोर न जाता बाजूनं वाकल्या. वादिराज कसं करतात ते शंभरदा पाहिलं होतं. दिव्याच्या तबकडीची मूठ पत्र्याबाहेर येते. पदराचा बोळा करून तिला धरलं आणि अलगद, सांडू न देता, ओढून घेतलं. निळी ज्योत हलली, पदराच्या काठाशी आली, मागे गेली. तबकडी फरशीवर ठेवली. जवळ कुणाचं तरी खिरीचं पातेलं होतं, कुणाला न विचारता त्याचं झाकण उचललं आणि ज्योतीवर पालथं घातलं.

जाळ विझला.

टकटक चालूच राहिली. मग विरळ झाली. मग थांबली.

"झालं काय काकू?" नयना, श्रीकांतची बायको, पुढे आली. तिच्या हातात वेताची टोपली होती, त्यात सगळ्यांचे मोबाइल. "अय्या, तुम्हीच फोन करत होता का? आज सणाला फोन टोपलीत टाकायचे, असा सासूबाईंचा नियम आहे. टोपली आत होती."

कृष्णाबाई पायरीवर टेकल्या. "झडप अडकलीय. मी काल पूजेत तिच्यावर फूल ठेवलं. फूल पडू नये म्हणून खळ लावली. ती वाळली आहे आत. माझं काम आहे हे, ह्यांचं नव्हे."

पाहुण्यांत कुणीतरी फिसकन हसलं. एक गृहस्थ म्हणाले, "खळीनं बॉयलर थोडाच बिघडतो, ताई!"

श्रीकांत मात्र हसला नाही. इंजिन पार गार झाल्यावर, हात लावला तरी चटका बसेना तेव्हा, त्यानं झडप फिरवून काढली. झडपेचं वरचं टोक चिमटीत धरून उचललं, तर ते सहज वर यायला हवं. त्यानं ओढलं. हललं नाही. नखानं ओढलं. मग रुमालात धरून जोर लावला. झडप त्याच्या चिमटीतून सटकली, पण दांडी तसूभर हलली नाही. ते बघता बघता त्याचा चेहरा उतरला.

"पाणी भरताना मीच काढली होती ही," तो हळू म्हणाला. "पाणी भरलं आणि तशीच परत बसवली. काका म्हणाले होते, दरवेळी उचलून बघ. मी नाही बघितली."

त्याच्या आईनं वेदिकाला जवळ ओढलं आणि सोडलंच नाही. "राहुकाळ, राहुकाळ म्हणून मीच डोकं खाल्लं," असं काहीसं त्या पुटपुटत होत्या. पोरीला काही कळलं नव्हतं. तिला एवढंच कळलं, की शिटी वाजणार नाही. ती हुंदके द्यायला लागली.

नयनाच्या फोनवरून पुन्हा पीण्याला फोन लागला. गुरुप्रसादनं मशीन बंद करून वादिराजांना बोलावलं. कृष्णाबाईंनी काय झालं ते सांगितलं. खळीचं सांगितलं, पळत आल्याचं सांगितलं.

पलीकडून वादिराजांनी विचारलं, "पाणी ओतलंस की जाळ काढलास?"

"जाळ काढला."

"पोरं?"

"बरी आहेत सगळी."

"तुझा हात?"

कृष्णाबाईंनी तेव्हा पहिल्यांदा हात बघितला. पदराचा काठ काळा झाला होता, बोटं लाल. "काही नाही."

"मी निघतो. कुणालाही लावू देऊ नको."

ते पोचेपर्यंत उन्हं कलली होती. एव्हाना पाहुणे पांगले होते. कृष्णाबाईंनी झडप कुणाच्या हाती दिली नव्हती. नयनानं पान वाढलं, त्यांनी चार घास खाल्ले, पण जेवताना झडप डाव्या मुठीत होती. मुलं अंगणात खेळायला गेली तरी त्या दर दोन मिनिटांनी वळून बघत होत्या, कुणी इंजिनाजवळ जातं का.

टॅक्सीतून उतरल्या उतरल्या वादिराज म्हणाले, "एनू, सगळं होसकोटे हादरवलंस म्हणे?"

"थट्टा नको. हे घ्या." त्यांनी मूठ उघडली.

वादिराजांनी झडप चष्म्याजवळ नेली. दांडी ओढून पाहिली. त्यांचं हसू मावळलं. "मी पुसलं ते वरवर," ते म्हणाले. "उकळून दाखवल्याशिवाय देत नाही, एवढं म्हणतो, आणि आज दिलं. परवा चाललं म्हणजे आज चालेल, हे कोणत्या शहाण्यानं सांगितलं मला?"

"खळ मी लावली."

"लावलीस. बघायचं काम माझं होतं."

"काकू-काका, बघायचं काम माझंही होतं," श्रीकांत मधे म्हणाला.

"चला, सगळ्यांनी वाटून घेतली तर माझ्या वाटणीला उरेल काय?" कृष्णाबाई म्हणाल्या. कुणीतरी हसलं. त्या हसल्या नाहीत.

नयनानं गरम पाणी आणलं. खळ गरम पाण्यात सुटते. वादिराजांनी झडप त्यात बुडवून ठेवली, पिशवीतला बारीक ब्रश काढला, स्प्रिंगच्या एकेका वेटोळ्यातून पांढरा चिकट राप काढत राहिले. वाटीतलं पाणी दुधाळ झालं. तीन वेळा पाणी बदललं. मग दांडी चिमटीत धरून उचलली. टुक. उठली. सोडली. बसली. पन्नासदा तेच केलं असेल. डाग दिलेली कडही भिंगातून बघितली. नख फिरवलं. साबणाचा फेस लावून आत फुंकर मारली, कुठे बुडबुडा येतो का ते पाहिलं.

"लावायचं?" श्रीकांतनं विचारलं.

वादिराजांनी कृष्णाबाईंकडे पाहिलं. आजवर असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. बॉयलर त्यांचा, असा करार होता.

कृष्णाबाईंना खरं तर म्हणायचं होतं, नको. खोक्यात घाला आणि घरी चला. पण पोरगी सकाळपासून त्या शिटीभोवती घुटमळत होती. आणि शिटी न वाजताच राहिली असती तर जन्मभर हे इंजिन तिला भीतीचं वाटलं असतं, आणि कृष्णाबाईंना तिचं रडणं ऐकू येत राहिलं असतं.

"लावा," त्या म्हणाल्या. "पण मुलं माझ्या मागे."

पाणी भरलं. दिवा पेटवला. पाणी तापलं, गुणगुणायला लागलं. कृष्णाबाईंच्या हातात पदराची घडी चुरगळली जात होती. गुणगुण थांबली. आता, आता, असं वाटत असताना क्षण लांबत गेला. वादिराजही पुढे झुकले. आणि झडप उठली. फुस्स. पांढरी वाफ बोटभर वर आली, झडप खाली बसली, पुन्हा उठली.

वादिराजांनी चाक बोटानं ढकललं. लाल चाक धडधडत फिरायला लागलं. तेव्हा कुठे कृष्णाबाईंनी वेदिकाला पुढे घेतलं. आपला एक हात तिच्या पोटाशी धरून, तिला बाजूनं, समोरून नाही, शिटीपाशी नेलं. पोरीनं दांडी खाली दाबली. शिटी अशी कर्कश वाजली, की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. मुलं ओरडली, पुन्हा, पुन्हा. दुसऱ्या मुलाची पाळी, तिसऱ्याची. वादिराज मधेमधे डोळे मिटून ऐकत होते. श्रीकांतची आई टाळ्या वाजवत होती.

"काकू, आता तरी बसा," नयनानं खुर्ची आणली. "सकाळपासून उभ्या आहात."

"बसते," कृष्णाबाई म्हणाल्या. पण एका हातानं पोरांना मागे सारत, डोळे त्या निळ्या ज्योतीवर ठेवून, त्या तिथेच उभ्या राहिल्या. "आधी हे विझू दे. गार होऊ दे. मग बसते."